बटणाचा खिसा

परक्या घरी गेली की वहिनी आधी प्लग कुठे आहे ते बघते. मग माणसं.

सेल हातात घेतला की गालाला लावते. कोमट लागला तर भरला. अंघोळीचं पाणी बघावं तसं, सहज.

रिमोट चालेनासा झाला की लोक त्याला थोबाडतात, सेल काढून दाताखाली चावतात. तिला ते बघवत नाही. ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

नेलपॉलिशच्या बाटल्या तिच्या फळीवर रांगेने उभ्या आहेत. नखं मात्र कायम कोरी.

काम अर्धं टाकून ती उठत नाही. सेल चार्जरमध्ये असले तर घराचा उंबरठासुद्धा ओलांडत नाही. बाहेरून कुणी हाक मारली तर म्हणते, "थांबा, मंडळी जेवायला बसलीत." नवा माणूस आत डोकावून बघतो. आत कुणी नसतं. भिंतीशी चार्जरचा लाल दिवा तेवढा असतो.

आणि समोरचं माणूस हसण्याच्या बेतात असलं की तिच्या उजव्या हाताचं बोट खिशातल्या खिशात दबतं. हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. तिच्यासुद्धा. फक्त एकाच्या आलं होतं, आणि त्याने ते बोलून दाखवलं नव्हतं.

तो एक म्हणजे तिचा नवरा, गावातला फोटोग्राफर. त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. भाऊंच्या बहिणीची वहिनी, पोस्टमनची वहिनी, शाळेतल्या पोरांचीही वहिनीच.

ती लग्न होऊन आली तेव्हा रिळांचा जमाना होता. फ्लॅशची बॅटरी खांद्याला अडकवावी लागे आणि ती अडकवायला एक माणूस लागे. लग्नाआधी भाऊ त्यासाठी पगारी माणूस ठेवत. लग्नानंतर त्यांनी तो ठेवला नाही. नणंद तेव्हापासून सांगत आली, "भाऊने बायको नाही आणली. स्टँड आणलं."

मग रीळ गेलं. डिजिटल कॅमेरा आला. त्याच्या पोटात चार पेन्सिल सेल लागत आणि त्याची भूक राक्षसाची. भाऊ दुकानातून सेलांची पाकिटं आणत, कॅमेरा ती फस्त करी. मेलेले सेल पलंगाखालच्या खोक्यात पडत. खोकं भरलं की दुसरं येई. तरी ऐन वेळेला कॅमेरा मान टाकायचाच. एकदा शाळेच्या बक्षीस समारंभात एका मुलीच्या हातात कप आला, ती हसली, आणि कॅमेरा मेला. नवे सेल घालेपर्यंत मुलगी जागेवर जाऊन बसली होती. बाईंनी तिला परत बोलावलं. कप काढून घेतला. परत दिला. मुलगी रडायला लागली. तिला वाटलं, पहिल्यांदा दिला तो चुकून दिला होता.

तो फोटो अजून आहे. कप हातात, डोळ्यांत पाणी. लोक म्हणतात, आनंदाश्रू. वहिनीला खरं माहीत आहे.

त्या आठवड्यात ती बाजारात गेली आणि पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल आणि एक चार्जर घेऊन आली. दुकानदार म्हणाला, रात्रभर लावून ठेवा. तिने ठेवले. सकाळी सेल हात लावू देईनात इतके तापले होते. दोघांचं वरचं वेष्टण आक्रसून गेलं होतं. चार्जर साधा होता. पोट भरलं की आपण होऊन थांबणारा नव्हता, वाढतच राहणारा होता. तेव्हापासून तिने सेलांना नजरेआड केलं नाही.

दुसरी गोष्ट तिला उशिरा कळली. चार सेलांतला एक थकलेला असला की उरलेल्या तिघांचं बळ त्याला ओढण्यातच जातं. म्हणून नवे-जुने मिसळायचे नाहीत. एकत्र आलेले चार एकत्र जेवतील, एकत्र कामाला जातील, एकत्रच निवृत्त होतील. ओळखायचं कसं? नणंद त्या दिवशी आली होती. तिच्या पर्समध्ये लाल नेलपॉलिश होतं. वहिनीने चारही सेलांच्या डोक्याशी एकेक लाल ठिपका दिला. ती लाल चौकडी. पुढे हिरवी आली, निळी आली.

"माणसांच्या जोड्या जमत नाहीत जगात," नणंद म्हणाली, "हिच्या सेलांच्या चौकड्या जमतात. माझी बाटली परत दे."

"देते की, वन्सं. वाळू दे."

बाटली परत गेली नाही.

जाकीटही त्याच सुमाराचं. भाऊंचं जुनं, पुरुषी, पुढे दोन मोठे खिसे. उजव्या खिशाला बटण होतं. डाव्याचं बटण गेलेलं, खिसा उसवलेला, तिने तो रफू केला. बटणाच्या खिशात भरलेले सेल. रफूच्या खिशात उतरलेले. सेल बदलायची वेळ आली की ती भाऊंच्या समोर येऊन उभी राहायची. भाऊ कॅमेऱ्याचं झाकण उघडायचे, तळवा पुढे करायचे. उतरलेले चार तिच्या हातात, भरलेले चार त्यांच्या हातात. भाऊंची नजर तिच्या खांद्यावरून समोरच्या माणसांवरच असायची. त्यात बोलणं नव्हतं. इतकी वर्षं ते असंच चाललं, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

भाऊंच्या फोटोंत ती कुठे नाही. कधी ऊन पाठीशी असलं तर फोटोच्या खालच्या कडेला दोन सावल्या पडत. एक कॅमेरा धरलेली, एक खिशात हात घातलेली. भाऊ ती कड कापून टाकत नसत. गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणत, "राहू दे. ती स्टुडिओची सही आहे."

मग भाऊंचा हात थरथरायला लागला.

आधी कपबशीने चुगली केली. सकाळी चहा घेताना बशी किणकिणली. भाऊंनी कप तसाच खाली ठेवला आणि म्हणाले, "ही बशी बसत नाही नीट." वहिनीने बशी बदलली. दुसरीही किणकिणली. मग तिने बशी द्यायचं बंद केलं. त्यावर दोघंही काही बोलले नाहीत.

फोटो मात्र बोलायला लागले. कडा विरघळल्यासारख्या. ओळखपत्रावरचं माणूस पाण्यात बुडाल्यासारखं. गिऱ्हाईक तोंडावर काही म्हणेना, पुढच्या वेळी दुसरीकडे जाई. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली: एक पडदा, एक स्टूल, एक आरसा, एक कंगवा. पडद्यावर धूळ बसू लागली.

नणंदेने ते पाहिलं आणि मनावर घेतलं. ती वाईट बाई नव्हती. रिकामी खोली तिला बघवत नव्हती, इतकंच. तिने खोली भाड्याने घेणारा एक टेलर गाठला.

"सोमवारी येतोय खोली मापायला. शांत माणूस आहे. मशीनचा आवाज तेवढा."

भाऊंनी पडद्यावरची धूळ बोटाने पुसली.

"रविवारी वाचनालयाचं काम आहे," वहिनी म्हणाली.

"मग ते करा की. शेवट गोड होईल."

वाचनालयाचं काम साधं नव्हतं. जुनी इमारत टेकाडावर, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला. तिथे हातगाडीसुद्धा चढत नाही. नवी इमारत खाली, ओढ्यावरच्या पुलापलीकडे. पुस्तकं हलवायची कशी यावर समितीच्या बैठका झाल्या, चहा झाले, भांडणं झाली. शेवटी ग्रंथपालबाई म्हणाल्या, आपण उभे राहू. जुन्या दारापासून नव्या दारापर्यंत माणसांची ओळ. पुस्तक हातोहात खाली जाईल. सगळ्यांत शेवटी जाईल तो जाडा शब्दकोश, वाचनालयाने घेतलेलं पहिलं पुस्तक. तो पुलावर असताना एक फोटो हवा. पूर्ण ओळ दिसली पाहिजे, टेकाडापासून पुलापर्यंत. नव्या दालनात भिंतभर लावायचा.

"एकदाच उभी राहणार ही ओळ," बाई म्हणाल्या. "हात खाली गेले की गेले. भाऊ, तुमच्याशिवाय कुणाला सांगू?"

भाऊंनी हो म्हटलं. त्यांना नाही म्हणता आलं नाही.

शनिवारी दुपारी थोड्या माणसांची तालीम झाली. भाऊंनी काही फोटो काढले. घरी येऊन दोघंही कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकले. ओळ होती. माणसं नव्हती. सगळ्यांचे चेहरे पुसल्यासारखे. दुसरा फोटो तसाच. तिसराही.

"सेल उतरले असतील," वहिनी म्हणाली.

भाऊंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. आपले सेल उतरले असतील असं ही बाई स्वतःच्या तोंडाने म्हणते आहे. प्रकरण कुठवर आलंय ते त्यांना तेव्हा कळलं.

"सेलांवर नको ढकलूस. हात आहे तो."

पहिल्यांदाच ते घरात मोठ्याने बोललं गेलं. भिंत पडली नाही. चार्जरचा दिवा लागलेलाच होता.

"उद्या तू काढ," भाऊ म्हणाले.

"मी? मी सेलवाली."

"मग उद्या सेलवाला मी."

"लोक हसतील."

"हसू देत. हसरे चेहरे बरे येतात."

ती हसली नाही. जाकिटाच्या खिशात हात घालून उभी राहिली. "मला नाही जमायचं, अहो. मी कधी बटणाला हात लावलाय का?"

"हात नाही लावलास. बोट लावलंस."

"म्हणजे?"

"समोरचं माणूस हसायच्या बेतात आलं की तुझं बोट हलतं. खिशात. कापड हलतं, मला दिसतं. माझं बटण त्याच्यामागून वाजतं." भाऊंनी कॅमेरा बंद केला. "पुष्कळदा मी माणसाकडे बघत नव्हतो. तुझ्या खिशाकडे बघत होतो."

वहिनीने हात बाहेर काढला आणि बोटाकडे बघितलं. ते नेहमीसारखंच होतं.

"मग आधी का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू ते हलवायची थांबली असतीस."

तेवढ्यात वीज गेली. चार्जरचा लाल दिवा विझला. दोघं अंधारत चाललेल्या खोलीत उभे राहिले. लाल आणि हिरवी चौकडी भरून झाली होती. निळी अर्धपोटी पानावरून उठली होती. थोड्या वेळाने वीज आली. किती वेळ गेली याचा अंदाज बांधत वहिनी बसून राहिली. शेवटी सेल काढले, गालाला लावले. कोमट होते. पण त्या दिवशी तिचा गालही गरम होता. तिची खात्री पटली नाही.

रविवारी सकाळी थंडी होती. ऊन लख्ख. ओळ उभी राहायला लागली तशी गल्लीतल्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. मिस्त्री आले, नर्स आल्या, बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला आणि त्याला हात धुऊन यायला परत पाठवलं. नणंद पुलाच्या तोंडाशी उभी राहिली, कारण तिथे ऊन होतं.

वहिनीने घरातच जाकीट काढून भाऊंना दिलं होतं. ते घालताना भाऊ हसले. जुनं त्यांचंच, पण आता खांद्यात तिच्यासारखं झालेलं. लाल चौकडी कॅमेऱ्यात होती. टेबलावरची हिरवी आणि निळी भाऊंनी उचलली आणि खिशात घातली. वहिनी तेव्हा कॅमेऱ्याचा पट्टा आपल्या मापाचा करत होती. तिने बघितलं नाही. बघण्यासारखं त्यात काय होतं?

"अगं बाई," नणंद म्हणाली, "कॅमेरा हिच्या गळ्यात? आणि भाऊ, तू काय करतोयस?"

"मी स्टँड," भाऊ म्हणाले.

जवळचे लोक हसले. वहिनीचं बोट हललं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याखाली बटण होतं. क्लिक झालं.

मग ती थांबेना. ओळीतलं पहिलं पुस्तक दारातून निघालं, क्लिक. दोन बहिणी एकमेकींना पुस्तक देताना त्यातलं पान वाचायला थांबल्या, मागचा माणूस ओरडला, क्लिक. बेकरीवाला मुखपृष्ठ हुंगत होता. पोस्टमन प्रत्येक पुस्तकाचा पत्ता शोधावा तसं उलटसुलट करत होता. इतकी वर्षं खिशात दाबलेली बटणं जणू व्याजासकट बाहेर येत होती. लाल चौकडी संपली तेव्हा ती टेकाडाच्या मधोमध होती. तिने झाकण उघडलं, तळवा पुढे केला. डोळे ओळीवरच. लाल चार गेले, हिरवे चार आले. बोलणं नाही. भाऊंना ते छान जमलं. त्यांचा हात थरथरत होता, पण सेलाला त्याचं काय?

पुढे उन्हं चढली, वरची कपाटं रिकामी झाली, आणि वरून आरोळी ओळीतूनच खाली आली, माणसामाणसातून: "शब्दकोश निघाला."

पुलाच्या तोंडाशी घडीची शिडी लावली होती. वहिनी चढली. भाऊंनी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि छाती तिला टेकवली. आता ओळ पूर्ण दिसत होती. टेकाडाच्या दारातून सुटलेली, पायऱ्यांवरून वळलेली, चौक ओलांडून तिच्या पायाशी आलेली. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. शब्दकोश लहान बाळासारखा दोन्ही हातांवरून येत होता. तो ज्याच्या हातात येई तो जरा सरळ उभा राही.

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लुकलुकत होतं. हिरवी चौकडी संपली होती. सकाळपासूनची उधळपट्टी तिची तिलाच नडली.

"अहो, सेल."

"शिडी सोडू? हलतेय ही. तूच घे."

ती वाकली. बटणाचा खिसा तिच्या हाताला अंधारातही सापडला असता. बटण काढलं, चार सेल घेतले, आत सरकवले. कॅमेऱ्याने डोळा उघडला. आणि मिटला.

तिने परत चालू केला. परत मिटला.

निळी चौकडी, तिच्या मनात आलं. वीज गेली होती. माझा अंदाज चुकला. मंडळी उपाशीच उठली होती आणि मी त्यांना कामाला आणलं.

शब्दकोश चौकात पोचला होता. खाली ग्रंथपालबाई मान वर करून बघत होत्या. नणंदही बघत होती, आणि आता तिच्या तोंडावर टोमणा नव्हता. ती घाबरली होती.

"काय झालं?" भाऊंनी खालून विचारलं.

"मेले."

"कोण?"

"निळे. भरलेच नाहीत. माझी चूक."

"तुझे सेल?" भाऊ म्हणाले. जणू कुणी त्यांना सांगितलं होतं की आज सूर्य पलीकडून उगवला.

त्यांच्या त्या आवाजाने तिने झाकण उघडलं आणि चारही सेल तळव्यावर ओतले. ऊन त्यांच्यावर पडलं. चार ठिपके.

लाल.

ती क्षणभर बघत राहिली. लाल चौकडी तिने स्वतः संपवली होती, टेकाडाच्या मधोमध. म्हणजे ती बटणाच्या खिशात बसली कशी? उतरलेले इकडे असतील तर—

"अहो, भरलेले कुठे ठेवलेत?"

"डावीकडे. नेहमीसारखे."

"नेहमी उजवीकडे असतात."

"छे. तू कायम डाव्या बाजूने देतेस. मी काय आज बघतोय?"

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. खाली, शिडीला छाती टेकून, तोंड वर करून ते तिच्यासमोर उभे होते. तिची सगळी वर्षं त्यांच्या बाजूने जशी दिसली असतील तशी तिला एकदम दिसली. तिचा उजवा खिसा. समोरून, त्यांच्या डाव्या हाताला. ते तिच्याकडे बघत होते, इतके नीट बघत होते की तिची बाजूसुद्धा त्यांनी आपल्या बाजूने पाठ केली होती.

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं.

"आता हसतेस काय, पुस्तक आलं बघ," नणंद पुलावरून म्हणाली. "वहिनी, दे की त्याला एक ठेवून नंतर. आधी फोटो."

तिने रफूच्या खिशात हात घातला. चार सेल वर आले, डोक्याशी निळा ठिपका. तिने ते आत घातले. गालाला लावायला वेळ नव्हता. कॅमेऱ्याने डोळा उघडला आणि उघडाच ठेवला. चिन्ह भरलेलं, पूर्ण.

शब्दकोश नणंदेच्या हातात आला. तो तिच्या कल्पनेपेक्षा जड निघाला. ती मागे झुकली, पोस्टमनने खालून हात दिला, आणि नणंद हसली. अगदी मोकळी, दात दाखवून, वर्षानुवर्षं कुणी पाहिली नव्हती तशी. तिच्यामागे अख्खी ओळ, टेकाडापर्यंत, प्रत्येक चेहरा शब्दकोशाकडे वळलेला.

वहिनीने श्वास धरला. बोट आपोआप गेलं.

क्लिक.

हात खाली गेले. ओळ विस्कटली. नव्या दारात टाळ्या वाजल्या. वहिनी शिडीवरच उभी होती.

"आला का?" भाऊंनी विचारलं. ते अजून शिडी सोडत नव्हते.

ती खाली उतरली आणि कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या हाताने पडदा हलला असता म्हणून तिनेच धरून ठेवला. भाऊ बराच वेळ बघत राहिले. ओळीतलं प्रत्येक माणूस कोरून काढल्यासारखं. वर टेकाडावरच्या दारात वाचनालयाचा शिपाई उभा होता, त्याच्या हातातला किल्ल्यांचा जुडगासुद्धा वेगळा दिसत होता. नणंदेचे दात दिसत होते.

भाऊंनी खालच्या कडेला बोट ठेवलं. ऊन पाठीशी होतं. पुलाच्या फरशीवर दोन सावल्या पडल्या होत्या. एक उंच, शिडीवरची, कॅमेरा धरलेली. एक खाली, शिडीला बिलगलेली.

"सही आली," ते म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

सोमवारी टेलर आला. गळ्यात माप घ्यायची टेप. शांत माणूस होता खरा. पण खोलीत शिरायला जागा नव्हती. ओळीत उभे राहिलेले लोक आता स्टुडिओच्या ओळीत उभे होते. प्रत्येकाला आपण कुठे आहोत ते बघायचं होतं आणि प्रत्येकाला एक प्रत हवी होती. बेकरीवाला म्हणत होता, मी हुंगताना आहे तोही द्या. टेलर पडद्याशी अडकला. त्याने एका भिंतीचं माप घेतलं, दुसरीपाशी स्टूल होतं, तिथे थांबला.

"बसता का?" वहिनीने विचारलं. तिला वाटलं गिऱ्हाईक आहे.

टेलर बसला. कंगवा फिरवला. टेप काढून खिशात ठेवली. वहिनीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि भाऊंनी मागून त्याला काहीतरी सांगितलं. तो शांत माणूस हसायच्या बेतात आला.

क्लिक.

संध्याकाळी नणंद आली. दारातूनच म्हणाली, "त्या टेलरला मी दुसरी खोली बघून देते. उजेड नाही इथे त्याच्या कामाला."

"भरपूर उजेड आहे की, वन्सं."

"तुझ्या कामाला आहे. त्याच्या कामाला नाही." मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "माझी प्रत मोठी काढ. दात येऊ देत. आणि हे घे."

पर्समधून तिने एक बाटली काढून टेबलावर ठेवली. जांभळं नेलपॉलिश, नवंकोरं.

"लाल राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "आता मागत नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनीने नवे चार सेल आणले. काम वाढलं होतं, तीन चौकड्या पुरत नव्हत्या. ती खिडकीशी बसली. चार सेल समोर उभे केले. जांभळी बाटली उघडली. भाऊ समोर बसून बघत होते. जाकीट त्यांच्या अंगात होतं. दोन्ही खिसे आता त्यांनी ठरवले होते तसेच राहणार होते. भरलेले रफूच्या खिशात. तिने वाद घातला नाही.

पहिल्या सेलाला ठिपका दिला. दुसऱ्याला दिला.

फोन वाजला. ग्रंथपालबाई होत्या. नव्या दालनात उन्हाचा पट्टा आलाय, त्या म्हणाल्या, आणि पोस्टमन पहिला वाचक म्हणून त्यात बसलाय. सरकेल हो ऊन. लगेच या.

वहिनी उठली. कॅमेरा गळ्यात घातला. ब्रश बाटलीच्या काठावर आडवा पडला होता.

"अगं, हे?" भाऊ म्हणाले.

पण ती उंबरठ्यापलीकडे गेली होती. मग तेही उठले. बाटलीला झाकण लावलं, बटणाचा खिसा आणि रफूचा खिसा चाचपून बघितला, आणि तिच्यामागून निघाले.

खिडकीत चार सेल उभे राहिले. दोघांच्या डोक्याशी जांभळा ठिपका, अजून ओला. दोन कोरे.